हळू चार्ज होणारी गाडी

टायर बदलून होईपर्यंत गुनव्होर हामार गावातल्या गाड्यांच्या शोरूममध्ये कॉफी घेऊन बसली होती. शेजारच्या टेबलावर विक्रेत्यासमोर एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"जुनी गाडी दिली, की आमचं जन्मभराचं फुकट चार्जिंग गेलं म्हणायचं."

"नाही, ओड्वारकाका. या महिन्यात बदललीत तर ती सवलत नव्या गाडीवर मिळते."

"ऐकलंस, सिगफ्रिद? आता तुझी काय हरकत आहे?"

"चार्ज व्हायला किती वेळ लागतो रे हिला?"

"वीस मिनिटं, काकू. तुमच्या जुनीला तास तरी लागत असेल."

"तेच तर. हिच्यापेक्षा हळू होणारी नाही का एखादी?"

"हळू?"

"घरी हा तळघरात करवत चालवत बसतो. चार्जिंग स्टेशनवर गाडी लावली की कुठे पळता येत नाही, मग माझ्याशी बोलतो."

गुनव्होरने हसू लपवायला कप तोंडाला लावला.

"मग चार्ज झाल्यावरही बसू की तिथंच."

"तसं नाही चालत, काका. मागे रांग असते."

ओड्वारने टक्कल खाजवलं.

"मग थोडी थोडीच भरू. इथे जरा, मग पुढच्या गावात जरा. फुकटच आहे ना?"

"अशानं पार वर उत्तरेला ट्रोंडहाइमला पोचू आपण."

"पोचू की. तुझी बहीण आहेच तिथे."

"तिच्याशी तू बोलत नाहीस."

"वाटेत तू माझी समजूत घाल."

सिगफ्रिद विक्रेत्याकडे वळली.

"सही कुठे करायची, दाखव बघू."