खणीच्या तळाशी जोडलेले हात

पेठ वडगावला कीर्तनाला निघाले होते. कोल्हापूरच्या स्टँडवर रांगेत माझ्यापुढं मायलेकी उभ्या होत्या. लेक पुरातल्या बचावपथकासाठी पाण्यानं भरलेल्या दगडाच्या खणीत स्कुबा डायव्हिंग शिकत होती, आणि आई तिला घरी न्यायला आली होती.

“खणीत नेमकं काय झालं, निशे? खरं सांग.”

“हातातली बॅटरी सुटली. दोरी पण.”

“घट्ट धराय सांगितलं न्हवतं व्हय?”

“तळाला गणपती दिसला, आई. विसर्जनातला. चिखलातनं नुसतं तोंड वर. मग हात जोडलं की.”

“दोन्ही?”

“एका हातानं कोण नमस्कार करतंय?”

“आगं बया! मग?”

“सगळं गढूळ झालं. दोरी कुठं, वर कुठं, काय कळंना. टाकीतली हवा संपत आलती.”

“गप. गाडीत बस. ती परीक्षा न्हाय न् काय न्हाय.”

“ऐक तरी. बॅटरी देवाच्या सोंडेला टेकून पेटलेलीच हुती. ती उचलून तिथंच थांबलो. उजेड बघून शिकवणारं सयाजी सर आलं, त्यांनी दोरी हातात दिली.”

“देवानंच राखलं. आता त्याला आणि तरास देऊ नगंस.”

“उद्या तिथंच परीक्षा हाय. पास झालो तरच पुरात माणसं काढाय नेतील.”

“आणि परत देव दिसला तर?”

“दोरी सोडणार न्हाय.”

“मग नमस्कार?”

“माझ्या वाटचा तू घरातनं कर.”

गाडी लागली. आई एकटीच चढली. माझ्या शेजारी बसली आणि खिडकीतनं ओरडली,

“पाण्यात किती वाजता उतरणार?”