माझ्या खिडकीखालच्या सात विटा

माझा जन्म खराडीचा, म्हणजे आज जिथे गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे अडकवून मुलंमुली काचेच्या इमारतींत शिरतात त्या खराडीचा नव्हे, तर त्याच जागी नदीकाठी जेव्हा वीटभट्ट्या धुमसत होत्या त्या खराडीचा, आणि माझे वडील तिथे विटा थापायचे. त्यांना सगळे दादा म्हणत, आम्हीही दादाच म्हणायचो. दादांना अक्षरओळख नव्हती, पण कुणी अन्याय केला की मला समोर बसवत आणि म्हणत, तोंडी नको, लिही. मी लिहीत असे आणि खाली दादा अंगठा उमटवत, असा सावकाश दाबून की कागदाला मागून फुगवटा यायचा. तक्रारीची पत्रं लिहिण्याची माझी सवय त्या दिवसांची आहे. सोसायटीतले लोक तिला खोड म्हणतात, म्हणोत.

पुढे मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात भांडार विभागात कारकून झालो आणि आम्ही काही सहकाऱ्यांनी मिळून कर्वेनगरला ही सोसायटी उभी केली, बाहेरून गिलावा नसलेली, उघड्या विटांची. बांधकाम चालू असताना थकलेले दादा रिक्षातून सात विटा घेऊन आले, त्यांच्या शेवटच्या भट्टीतल्या, आच जास्त लागल्यामुळे जांभळट काळ्या पडलेल्या. भट्टीवर प्रत्येक थापणाऱ्याला आपला माल ओळखण्यासाठी एखाद्या विटेवर खूण करावी लागे, कुणी काडीने रेघ ओढी, कुणी कवडी दाबी, दादा ओल्या मातीत अंगठा दाबत. त्या सातांतल्या एकीच्या दर्शनी बाजूवर तो अंगठा होता. गवंड्याला म्हणाले, पोराच्या खिडकीखाली लाव. माझा फ्लॅट तळमजल्यावर, त्यामुळे बागेत उभं राहिलं की त्या विटा कमरेच्या उंचीवर येतात. दादा गेले, त्यांचे अंगठे असलेली पत्रं निरनिराळ्या कार्यालयांच्या रद्दीत गेली, आणि राहिला तो हा एवढा एक.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. इतक्या वर्षांत नळदुरुस्तीसाठी भिंती फोडून फोडून, मिळतील त्या विटा लावून इमारतीची गोधडी झाली होती, आणि समितीने ठराव केला की सरळ पुट्टी भरून प्लास्टिक रंग फासावा. मी हादरलो! अहो, विटेला तोंड बांधून कोंडल्यासारखं ते, आतली ओल बाहेर येणार कुठून, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटणार. मी अकरा पत्रं लिहिली. आमच्या सेक्रेटरी मीनाताई, निवृत्त मुख्याध्यापिका, मला म्हणाल्या, काका, काय लावायचं नाही ते समजलं, आता काय लावायचं तेही आपणच लिहून द्या. मी लिहून दिलं. खनिज रंगछटा लावावी, जी पाण्यासारखी पातळ असते, विटेत मुरते, तिथेच तिचा दगड होतो, साल धरत नाही, भिंतीचा श्वास अडवत नाही आणि पुन्हा निघत नाही. ठराव बदलला. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या चौधरींनी मागणी केली की आपल्या गॅलरीपुरत्या विटा पिवळसर ठेवाव्यात. मी लगेच बारावं पत्र दिलं, की सर्व दर्शनी विटा एकाच छटेच्या कराव्यात आणि कोणत्याही सभासदाच्या खिडकीपुरताही अपवाद केल्यास मी निबंधकांकडे दाद मागेन.

काय सांगू तुम्हाला, हे लिहिताना मला माझी खिडकी आठवली नाही. त्या विटा वेगळ्या आहेत असं मला कधी वाटलंच नव्हतं, भिंतीत वेगळं दिसत होतं ते फक्त चौधरींचं.

काम शकीलभाईंना मिळालं, साठीचा शांत माणूस, रोलर हातात धरत नाही, प्रत्येक विटेपुढे थांबून लहान ब्रशने छटा देतो. आमची बाजू लागली त्या दिवशी सौ. लेकीकडे होती आणि मी हयातीचा दाखला द्यायला खडकीच्या बँकेत. तिथलं यंत्र माझा अंगठा घेईना, चार वेळा पुसून लावला तेव्हा कुठे मी जिवंत ठरलो. दुपारी परतलो, फाटकातून आत आलो आणि बघतो तर काय. भिंत कशी एकसारखी तांबूस, देखणी, आणि माझ्या खिडकीखाली सात विटा नाहीतच! म्हणजे होत्या, पण कोणत्या ते ओळखू येईना.

तसाच मीनाताईंकडे गेलो. विचारलं, कोणाच्या परवानगीने? त्यांनी फाईल काढली, चष्मा लावला, माझं बारावं पत्र समोर ठेवलं आणि म्हणाल्या, आपल्याच, काका. आवक क्रमांकासकट आहे. मी ते वाचलं. एकही पळवाट नव्हती, मीच ठेवली नव्हती.

बागेत येऊन शकीलभाईंना म्हटलं, हा रंग निघेल का हो? ते म्हणाले, साहेब, निघणारा हवा होता तर आधी सांगायचं. मग माझा चेहरा बघून माझं मनगट धरलं आणि बोटं भिंतीवरून फिरवत नेली, एका विटेवर थांबवली. म्हणाले, इथे कुणाचा तरी अंगठा आहे, मिस्त्री म्हणाला सिमेंटच्या मसाल्याने भरून घे, मी भरला नाही, आत ब्रश फिरवला फक्त. माझा अंगठा त्या खळग्यात बसला. पुट्टी भरली असती तर तो बुजलाच असता, हेही खरं, आणि तो जांभळा रंग माझ्याच अक्षराने गेला, हेही खरं. अजून सकाळी बागेत आलो की धक्का बसतो. बसू दे.

परवा शकीलभाई म्हणाले, दुसऱ्या सोसायटीत दाखवायला दोन ओळी लिहून द्याल का? आयुष्यात पहिल्यांदा मी कौतुकाचं पत्र लिहिलं, या माणसाच्या हाताला सदैव यश लाभो असं शेवटी घातलं, सही केली, आणि शेजारी शाई लावून अंगठाही उमटवला, सावकाश, दाबून. सोसायटीच्या फाईलला प्रत द्यायला गेलो तर मीनाताईंनी कागद उलटा करून मागचा फुगवटा पाहिला आणि म्हणाल्या, काका, आपल्याला सही येते ना?

म्हटलं, येते. आपण आवक क्रमांक टाका.