सूर्योदय कुठला धरायचा?

…आणि वर मलाच म्हणतात, 'उर्वी, तुला श्रद्धाच नाही!' अहो, श्रद्धा कसली डोंबलाची? समोर भाव कोसळतोय आणि दोन घोड्याएवढे पुरुष पंचांग चिवडतायत! तुम्हाला सांगते, ग्रहांवर राग नाही माझा. ते बिचारे आपल्या वाटेनं फिरतात. राग आहे तो माझ्या पप्पांवर आणि त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोटाकाका, यांच्यावर! राजकोटात तीस वर्षं शेअरदलाली केली, पण कंपनीचा ताळेबंद एकदा उघडून पाहिला असेल तर शपथ!

मम्मीकडे एका पंपाच्या कंपनीचे चारशे शेअर, तिच्या वडिलांनी दिलेले. ते विकायचे आणि सोमवारी गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं. पाचशे पंचाहत्तरच्या खाली भाव गेला, की ऑपरेशन गेलं. बुधवारी बाजार उघडला तेव्हा भाव सहाशे दहा. मग विका ना! पण नाही… सूर्योदयापासून मोजलेला शुभ दीड तास, म्हणजे अमृत चौघडिया, मोटाकाकांनी कॉम्प्युटरला अगरबत्ती ओवाळण्यात घालवला, आणि दहाला लागला अशुभ चौघडिया, काळ!

"काळात विकायचं? लक्ष्मी रुसेल!"

मी म्हटलं, "मोटाकाका, त्यांचे पंप तीन महिने गोदामात पडून आहेत, आज निकाल आहेत, वाईटच येणार!"

"कॉलेज अर्धवट टाकलं, आणि ही मला बाजार शिकवतेय!"

ग्रहांवर राग नाही माझा! पण अकराला निकाल आला, वाईट आला, आणि भाव पाचशे नव्वद! पप्पा ओरडले, "मोटाभाई, काळ संपला, विका!"

"कसा संपला? अजून पाव तास आहे!"

"तो राजकोटच्या सूर्योदयानं! सौदा होतो मुंबईत, तिथं सूर्य आधी उगवतो!"

"पण विकणारी राजकोटात बसलीये ना!"

पाचशे त्र्याऐंशी! मग आमच्या ज्योतिषी शास्त्रीजींना फोन. तिकडून सावकाश आवाज, पान चघळत… "यजमान, आधी मला सांगा, बाजारवाल्यांचा कॉम्प्युटर कुठल्या गावात ठेवलाय?"

पाचशे एकोणऐंशी! आता तुम्हीच सांगा, माणसानं हसावं की डोकं आपटावं?

मम्मी स्टुलावर पाय ठेवून सगळं ऐकत होती. म्हणाली, "भाईसाहेब, माझे गुडघे दोन्ही गावांच्या सूर्योदयाला दुखतात. उर्वी, विक बेटा."

दाबलं बटण, विकले! पाचशे सत्त्याहत्तरला, चारशेच्या चारशे! मोटाकाकांनी कानांवर हात ठेवले, जणू बटणातून बॉम्बच फुटणार होता. दहा मिनिटांत शेअरनं तळ गाठला. विकणाऱ्यांची रांग, घेणारा एक नाही.

मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. उघडले की! मोटाकाकांनी त्याच दुपारी माझी पत्रिका शास्त्रीजींकडे धाडली. काळात विकून फायदा? मग पोरीतच काहीतरी असणार! निघालं म्हणे, तिसऱ्या घरात शनी, महाबलवान.

मम्मी आता जिने चढते. आणि मी? अख्ख्या गल्लीतले दलाल विकायच्या आधी मला विचारायला येतात. मी ताळेबंद वाचते, आकडे दाखवते, घसा फोडून समजावते. मान डोलावतात, ऐकतात, अगदी सांगेन तसं करतात…

आणि जाताना माझ्या शनीला तेल वाहून जातात!