शब्दावर नाही, श्वासावर

(मिसिसिपीतलं एक लहान गाव. रविवारची दुपार, चर्चमागचं स्वयंपाकघर. कोपऱ्यातल्या टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा सामना. चर्चमधली ज्येष्ठ लर्लीन, ऑर्गनवादक सिफस आणि नवे पास्टर.)

लर्लीन : ...छे छे पास्टर, प्लेट घेऊन घरी कसले जाता! खुर्ची ओढा इकडे. अजून जवळ. तो एक्क्याण्णव नंबरवाला दिसतो? त्याची गोष्ट सांगते. ऐकल्याशिवाय हे गोड, गरम पीच कॉबलर मिळणार नाही.

पास्टर होलोवे : मदर लर्लीन, मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. शिकागोत आमच्या घरी बुद्धिबळ.

लर्लीन : अरे देवा, कुणी पाठवलं यांना आमच्याकडे! तो एझ्रा ब्रॉडनॅक्स. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. वय तीस, आठ वर्षांत पाच संघ. कुणी जखमी झाला की याला बोलावतात, तो बरा झाला की याला घरी पाठवतात. मधे मधे माशांच्या कारखान्यात पेट्या उचलतो. गेल्या रविवारी त्यांच्या नेहमीच्या पोराचा गुडघा गेला, म्हणून आज हा. देव त्याला बरं करो, पण सावकाश...

सिफस : लर्लीन!

लर्लीन : सावकाश म्हणजे नीट, असं म्हणायचं होतं मला.

सिफस : वेळ किती राहिला?

लर्लीन : चाळीस सेकंद. आपण पांढऱ्या जर्सीतले, चार गुणांनी पुढे. निळे आपल्या गोलरेषेपासून बारा यार्डांवर. चौथी संधी, त्यांची शेवटची. दोन यार्ड पुढे सरकले, की त्यांना नव्या संधी.

पास्टर : म्हणजे एवढं अडवलं की झालं?

सिफस : अडवायच्या आधी थांबावं लागतं, पास्टर. निळ्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे हाक देऊन चेंडू मागवणारा त्यांचा म्होरक्या, खोट्या हाका देतो. चेंडू हलायच्या आत आपला माणूस पुढे घुसला, की त्यांना पाच यार्ड फुकट. वर पुन्हा नव्या संधी.

लर्लीन : तीन वर्षांपूर्वी एझ्रा असाच आधी सुटला. पंचाचा पिवळा रुमाल पडला, सामना गेला, आणि मंगळवारी याला सामान बांधायला सांगितलं. आजच्या प्रशिक्षकानं तर सकाळीच बजावलंय, एझ्राचा फोन आला होता. एकदा जरी आधी सुटलास, तर बुधवारी सरावाला येऊ नकोस.

पास्टर : आणि तुम्ही इतक्या निवांत?

लर्लीन : निवांत? हा चमचा बघा. सकाळी सरळ होता.

सिफस : त्यांनी वेळ मागून घेतलाय ना? मग ऐका. नऊ वर्षांचा असताना एझ्रा माझ्याबरोबर ऑर्गनच्या बाकावर बसायचा. पेटिवेबाबा तेव्हा इथले पास्टर. बोलता बोलता त्यांचं प्रवचन गाण्यात शिरायचं, आणि प्रत्येक ओळीला ऑर्गननं उत्तर द्यायचं. एका रविवारी ओळ संपायच्या आतच या पठ्ठ्यानं सूर दाबला.

लर्लीन : पेटिवेबाबा वळले आणि म्हणाले, "लेकरा, मी अजून पायरीवर आहे, तू स्वर्गाचं दार उघडून मोकळा!" अख्खं चर्च हसलं. माझी बहीण टोपीआड लपली.

सिफस : तो रुमाल पडला त्या हिवाळ्यात एझ्रा माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, मी अजून आधीच सूर दाबतो." मी जन्माचा आंधळा, पास्टर. पेटिवेबाबांचा चेहरा मी कधी पाहिला नाही. मी त्यांचा श्वास ऐकायचो. शब्द फसवतात. खरी ओळ पोटातून येते, आणि त्याआधी माणूस छाती भरून घेतो. एझ्राला म्हटलं, "तुझे डोळे शाबूत आहेत. तू बघ."

लर्लीन : पण बघायला गाणारा हवा ना! तेव्हा पेटिवेबाबा अठ्ठ्याऐंशीचे. नाकाला ऑक्सिजनची नळी. दर बुधवारी रिकाम्या चर्चमध्ये येऊन उभे राहायचे, या पोरासाठी एकेक ओळ गायचे.

पास्टर : नळी लावून?

लर्लीन : नळी लावून. डॉक्टर रागवायचा, त्यालाही गाऊन दाखवायचे. वसंतात गेले.

सिफस : श्श. गर्दी गप्प झाली.

पास्टर : का?

सिफस : मैदान निळ्यांचं. त्यांच्या क्वार्टरबॅकची हाक त्यांच्याच खेळाडूंना ऐकू यायला हवी.

लर्लीन : रांगा लागल्या. एझ्रा टोकाला, एक हात जमिनीवर. येशू, धर रे त्याला, मागून धर!

सिफस : पहिली हाक. ऐकली मी.

लर्लीन : हलला नाही! दुसरी हाक! नाही हलला!

पास्टर : क्वार्टरबॅकचे खांदे वर गेलेच नाहीत! हाक नुसती घशातली!

सिफस : शाब्बास, पास्टर. आता?

पास्टर : आता... भरली! छाती भरली त्यानं!

लर्लीन : चेंडू हलला! एझ्रा सुटला!

सिफस : रुमाल? लर्लीन, रुमाल?

लर्लीन : नाही! कुठेच नाही! अडवणाऱ्या धिप्पाडाला वळसा घातला... मागून आला... धरला! क्वार्टरबॅक आडवा! चेंडू निसटला!

पास्टर : कुणाकडे? अहो, कुणाकडे गेला?

लर्लीन : पांढऱ्याच्या पोटाखाली! आपला! हालेलुया! पास्टर, टेबलावरून उतरा, कॉबलर आहे तिथे!

पास्टर : उतरतो, उतरतो. मी चढलो कधी?

सिफस : आवाज वाढव, लर्लीन. सामना संपला, माइकवाली बाई एझ्राला विचारतेय, हाका खोट्या आहेत हे कसं ओळखलंस.

पास्टर : काय म्हणाला? "मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. वाईट वाजवतो."

सिफस : वाईटच वाजवतो.

लर्लीन : हसू नका! मागून प्रशिक्षक आला. हेल्मेटवर थाप मारली. "बुधवारी लवकर ये," म्हणाला! ऐकलंत ना? बुधवारी! रुमाल द्या कुणीतरी. पिवळा नको!

पास्टर : ब्रदर सिफस, मला येऊन चार महिने झाले. मी कागदावरून प्रवचन वाचतो, आणि तुम्ही ऑर्गनपाशी हात मांडीवर ठेवून बसता.

सिफस : बसतो. ओळ यायची आहे अजून.

पास्टर : येत्या रविवारी मी गाऊन बघितलं तर?

लर्लीन : तर कॉबलर प्रवचनाच्या आधी!

सिफस : गा, पास्टर. चुकलात तरी मी आहे. फक्त ओळीआधी छाती भरून घ्याल ना, तेव्हा पेटिवेबाबांची आठवण ठेवा. फार थोडे श्वास उरले होते त्यांच्यापाशी, आणि ते त्यांनी आमच्या पोराला दिले.