लछूशेठची बंद साइट

हसू नका, पण वेबसाइट बंद पडल्यावर धंदा वाढलेला माणूस मी बघितलाय. उल्हासनगरचे लछूशेठ, सोफ्यांचं दुकान. त्यांची साइट मीच पीएचपीत बनवली. सोफ्यांची सगळी माहिती ठेवलेल्या डेटाबेसशी कनेक्शन जुळलं नाही तर कारण कळावं, म्हणून एरर मेसेज मी सरळ स्क्रीनवरच छापत होतो.

एक दिवस होस्टिंगवाल्याने डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि शेठचा फोन आला. "ये 'ॲक्सेस डिनाइड फॉर युजर' किसने लिखा?"

"शेठ, ते गिऱ्हाइकासाठी नाही, माझ्यासाठी आहे. डेटाबेस आत घेत नाहीये."

"मतलब दरवाजे से भगाता है? मेरे बाप ने कभी ग्राहक को ना नहीं बोला! माल नहीं हो, तो भी बिठाके चाय पिलाई!"

मग काय, खरा एरर मी माझ्या लॉग फाइलमध्ये वळवला आणि स्क्रीनवर शेठनी सांगितलं तेच टाकलं: 'माल निकाल रहे हैं. तब तक दुकान पे आओ, चाय पियो.' खाली पत्ता.

नवा पासवर्ड द्यायला होस्टिंगवाल्याने आठवडा खाल्ला. मिळताच साइट चालू केली आणि शाबासकीच्या आशेने शेठना फोन लावला. "शेठ, झालं! सगळे सोफे दिसायला लागले."

"किसने बोला था ठीक करने को?" शेठ खवळलेच. "अंबरनाथ, बदलापूर से लोग आ रहे थे! चाय पीते थे, सोफा लेके जाते थे. अब घर बैठके फोटो देखेंगे. वो एरर वापस लगा!"

तेव्हापासून त्या साइटचा मेंटेनन्स माझ्याकडेच आहे. ती चुकून चालू झाली नाही ना, एवढंच बघायचं.