पेल्याखालचा दिवा

...नाही, पण मंगळवारीच सांगायचं होतं का? साधा मंगळवार हो! डोशाचं पीठ फुगून भांड्याबाहेर आलेलं, मी एका हातानं ओटा पुसतेय, दुसऱ्या हातात फोन, फोनवर आमचे हेडमास्तर फत्तेसिंगराव. "मॅडम, शुक्रवारी ट्रस्टी तिरुमलराव तुमच्या वर्गात बसणार. पहिलीला सायन्स, इंग्लिशमधून, ऑनलाइन व्हिडिओ लावून! जमलं तर पहिली तुमची, नाहीतर शरतकडे." शरत! काल-परवा कॉलेजातून बाहेर पडलेला! पहिली गेली तर मी शाळेत करू काय, सांगा? आणि घरी तरी कोण वाट बघतंय? आमचे हे जाऊन वर्ष होत आलं. असो.

तर व्हिडिओ. एक गोरी बाई मेणबत्ती पेटवते, वर काचेचा पेला उपडा घालते, ज्योत विझते. का? हवा लागते म्हणून. मुलांनी म्हणायचं, "फायर नीड्स एअर." एवढंच! पण ती बाई दर वाक्याला ओरडते, "ग्रेट जॉब, फ्रेंड्स!" अगं, अजून कुणी काही केलंय का?

गुरुवारी घरी करून पाहिलं. मेणबत्ती पेल्यापेक्षा उंच. कापली, तर आडवी पडली. पुन्हा कापली, तर वातच सापडेना! मग देवघरातलं छोटं निरांजन घेतलं. संध्याकाळी ते आमचे हेच लावायचे, आता मी लावते. पेल्याखाली बरोबर बसलं. पण न पेटवताच बसवून पाहिलं, तेवढं तुम्हाला सांगते.

शुक्रवार. तिरुमलराव मागच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकलेले. फत्तेसिंगराव दारात, घाम पुसताहेत. मी भिंतीवर व्हिडिओ लावला, बाई हसली, मेणबत्ती पेटवली, आणि अडकली! तोंड उघडं, वर चक्र गरगर... नेट गेलं! म्हटलं, चला, आपणच करू. टेबलावर निरांजन ठेवलं, काडी ओढली...

आणि सगळा वर्ग उभा! हात जोडलेले, डोळे मिटलेले, श्लोक सुरू! म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीची कानडी पोरं ती, घरी तिन्हीसांजेला हेच करतात, त्यांना काय ठाऊक हे सायन्स आहे? मागे पाहते तर तिरुमलराव बूट काढून उभे! अय्यो!

श्लोक संपला. मी पेला उचलला. पहिल्या बाकावरची सिंचना किंचाळली, "मिस! दीप आरिसबारदु! दिवा विझवायचा नाही, अज्जी ओरडते!"

"अगं, हे सायन्स आहे," मी म्हटलं.

"मग विझला की परत कोण लावणार?"

पेला हातात, हात हवेत. फत्तेसिंगराव डोळ्यांनी खुणावताहेत, घाला, घाला! तिरुमलराव म्हणतात, "मुंदुवरिसि, मॅडम, पुढे चालू द्या." तेवढ्यात नेट आलं, व्हिडिओ उडी मारून पुढे गेला आणि भिंतीवरची बाई एकदम बोलली, "व्हेअर डिड द फ्लेम गो, फ्रेंड्स?"

सगळा वर्ग निरांजनाकडे बोट दाखवून ओरडला, "हिअर ओन्ली, मिस!"

"ग्रेट जॉब, फ्रेंड्स!"

घंटा झाली. तिरुमलरावांनी बूट घातले, नाडी बांधता बांधता म्हणाले, "इंग्लिश छान आहे, मॅडम. सायन्स काही दिसलं नाही."

सोमवारी पहिली शरतकडे गेली. त्यानं वाढदिवसाच्या केकवरची चिमुकली मेणबत्ती आणली, पेला घातला, विझवली, पोरं म्हणाली, "फायर नीड्स एअर," झालं! मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, "ग्रेट जॉब, फ्रेंड्स!" मी आता सातवीला भूगोल शिकवते. कुणी उभं राहत नाही.

निरांजन परत देवघरात आहे. पेला घालायचा मात्र राहिला.