भिवाकडे उरलेला शब्द

—बसा हो व्याही, बसा! चपला काय घालताय, अजून चहासुद्धा झाला नाय. शिवी तुम्हाला नव्हती. म्हंजे तुमच्याकडे बघून दिली, हात पुढे करून दिली, सगळं खरं — पण आमच्या ह्यांचं ते 'या, बसा, प्रवास कसा झाला' होतं. आता माणूस गुहागरवरनं साखरपुड्याला येतो, आणि ओटीवरच्या खुर्चीतनं मुलीचा बाप 'रांडेच्या' म्हणतो — मलासुद्धा राग आला असता. मी तर उलट्या दोन दिल्या असत्या. पण वाईच ऐका, मग जायचं तर जा.

ह्यांना मेंदूचा झटका येऊन गेलाय — आमच्या पोरीच्या, मनिषाच्या मामाने सांगितलं ना तुम्हाला? काय सांगितलं? 'हात जरा अधू आहे'? हा रामा म्हंजे ना... जाऊ दे, माझाच भाऊ, त्याला काय बोलू! हात कसला, अख्खी उजवी बाजू गेली. गुजरातेत जमीन हलली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. टीव्हीवर तेच बघत बसले होते, हातातनं बशी पडली. मी ओरडले, नवी बशी होती. काहीतरी बोलायला गेले आणि तोंड एका बाजूला ओढलं. हुसेनने गाडी काढली — हा शेजारचा, ह्यांच्याबरोबर होडीवर असायचा — आणि थेट कोल्हापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरून दाखवली. तुमच्या घरात होडी आहे, तुम्हाला लगेच कळेल — मेंदू म्हंजे माशाच्या पोटातली गाबोळी. दोन गोळे, मध्ये फट. डावीकडच्या गोळ्यात रक्ताची गुठळी अडकली, तेवढा भाग मेला. आणि माणसाचं बोलणं असतं डावीकडे. गेलं सगळं — पाणी गेलं, भात गेला, पोरीचं नाव गेलं. मी म्हटलं, मग बाई, ही शिवी कुठनं येते? तर म्हणाल्या, शिव्या, आरत्या, गाणी, जे डोक्यात घट्ट बसलेलं असतं ते दुसऱ्या वाटेने बाहेर येतं, ते बऱ्याचदा वाचतं. बघा म्हंजे, देवाने शिवी आणि आरती एकाच खोलीत ठेवलीय, आणि आम्ही उगाच देव्हाऱ्यापुढे तोंड सांभाळत बसलोय!

खोटं वाटतं? गणपतीत ह्यांनी अख्खी आरती म्हटली, एक शब्द चुकला नाय. नंतर भटजींनी प्रसाद हातावर ठेवला, तर त्यांना — तेच. पण आवाज ऐकायचा हो! भूक लागली की लांबट येते, लाज वाटली की पुटपुटत येते. हुसेनला रोज सकाळी एक मिळते. तो म्हणतो, भाभी, मस्कतला नोकरीत परक्यांच्या खाल्ल्या, ही तर दोस्ताची आहे. कालच म्हणाला, पाहुणे येतील तेवढा वेळ भिवाला माझ्याकडे ठेवा. मी तयार होते, खोटं कशाला बोलू! मनिषाच अडून बसली — बाबा ओटीवर बसतील, नायतर साखरपुडा नको.

काय म्हणालात? आधीपासनंच शिवराळ असणार? थांबा हां. हा माणूस शिमग्यात नमनाच्या खेळात गौळणी गायचा. होडीवरचे बाकीचे शिव्या दिल्याशिवाय जाळं ओढत नाहीत, हा मुकाट ओढायचा. ह्याच्या तोंडातनं वाकडा शब्द कोणी ऐकला असेल तर आणा त्याला माझ्यापुढे. मग डोक्यात कुठनं बसली? — असं बघू नका माझ्याकडे. हां, मी. मीच. मासळीबाजारात बसणारी बाई मी, माझ्या तोंडाला कुलूप नाय. आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नाय म्हणतात ना? मग हाक काय मारायची? 'रांडेच्या, जेवायला ये. रांडेच्या, डोकं पूस, सर्दी होईल.' लग्न झाल्यापासनं हीच हाक. हे डॉक्टरीणबाईंना नाय सांगितलं मी. त्यांना वाटतं, खलाशी आहे, असायचंच. पोरीलाही नाय. तुम्हाला का सांगतेय, देव जाणे.

तो मला बकुळे म्हणायचा. ते गेलं. बाई म्हणाल्या, सुरात शिकवा, सूर वाचलाय. रोज शिकवते — ब-कु-ळे, गौळणीच्या चालीवर. तो माझ्या ओठांकडे टक लावून बघतो, खूप जोर लावतो, आणि हळूच, लाडाने म्हणतो... तेच. हसू येतं मला. मग रडू येतं. आता मी त्याला कधी तशी हाक मारत नाय, आणि घर कसं खायला उठतं.

म्हणून म्हटलं, शिवी नव्हती ती. तुम्ही दारात आलात, त्याने डावा हात पुढे केला आणि आपलं नाव सांगितलं. घरात जे ऐकलं, तेच नाव.

उठलात तरी? बरं. तुमचा अजिंक्य, नवरा मुलगा, बघा तिकडे — चपला काढून ह्यांच्या पायाशी बसलाय, एक शिवी खाल्ली आणि हसतोय. त्याला उठवायचं तर तुम्हीच उठवा, मी नाय सांगणार. आणि एकटेच निघालात तर खुशाल जा. फक्त फाटकाशी पोचलात की मागनं एक येईल. ती तुम्हालाच असेल — माझा मेंदू दोन्ही बाजूंनी धड आहे.